परगांवचा आखाडा

प्रवासास निघतांना मनुष्य पांघरूण, औषधाची बाटली, फार तर पूजेचे देव बरोबर घेतो. व्यायाम मात्र बहुधा घरींच ठेवून जातो. मीहि आजवर तेंच करीत आलें. परंतु गेल्या मार्गशीर्षांत भाचीकडे कोल्हापुरास आठ दिवस राहण्याचा योग आला, आणि दुसऱ्याच दिवशीं पाठीनें घरच्या नियमाची आठवण करून दिली. भाची म्हणाली, “मावशी, राजारामपुरींत नवा पिलाटीसचा वर्ग निघाला आहे. एकदां जाऊन तर पाहा.”

हें नांव ज्यांस नवें असेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतें. जोसेफ पिलाटीस हा १८८३ सालीं जर्मनींत जन्मलेला गृहस्थ. पहिल्या महायुद्धांत इंग्रजांनीं त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध केलें. त्या सक्तीच्या विश्रांतींत त्यानें आपली व्यायामपद्धति घोटली, आणि पुढें १९२६ च्या सुमारास न्यूयॉर्कला जाऊन तेथें व्यायामशाळा काढली. त्याचें ‘रिफॉर्मर’ नांवाचें यंत्र एखाद्या अरुंद बाजेसारखें दिसतें. बाजेवर मागेंपुढें सरकणारी फळी, फळीला स्प्रिंगा, आणि हातापायांत अडकवावयाचे पट्टे. स्प्रिंगेचा ताण सावकाश घ्यावयाचा आणि त्याहूनहि सावकाश सोडावयाचा, यांतच सारी खुबी.

न्यूयॉर्कला हें चाललें होतें त्या काळांत इकडे औंधास बाळासाहेब पंतप्रतिनिधि आपल्या संस्थानच्या शाळांतून मुलामुलींकडून सूर्यनमस्कार घालवून घेत होते. माझी आई त्याच शाळांतली. लग्नानंतर तिचे नमस्कार सुटले. साठीनंतर तिची पाठ वांकूं लागली, ती इतकी कीं शेवटीं देवघरांतील वरच्या फळीवरचें निरांजनहि तिच्या हातीं येईना. “वय झालें,” असें ती म्हणे, आणि आम्हीहि तेंच म्हणत होतों.

वस्तुतः कोल्हापुरास व्यायाम शिकविण्यास बाहेरून कोणीं यावें? शाहूमहाराजांनीं बांधविलेलें खासबागेचें कुस्त्यांचें मैदान १९१२ सालचें, पेठापेठांतून तालमी. पण त्या लाल मातीच्या हौद्यांत बायकांना पिढ्यान् पिढ्या मज्जाव होता. आतां मुलीहि कुस्ती खेळूं लागल्या आहेत खऱ्या. तरी माझ्या वयाच्या बाईनें तेथें जाऊन काय करावें?

असो. सकाळीं सात वाजतां मी त्या वर्गाचा जिना चढलें. पुण्यास खिडकीजवळचें यंत्र माझें ठरलेलें. येथें कोणतें घ्यावें, पट्टा किती आंखडावा, इथपासून अडचण. शिकविणारी मुलगी तिशीच्या आंतली. आजोबा गंगावेशीच्या तालमींत घुमलेले, हें तिनें दोन मिनिटांत सांगून टाकलें. मी फळीवर निजूं लागलें तोंच ती म्हणाली, “काकू, थांबा. आधीं एक विचारतों.” (कोल्हापूरच्या मुली स्वतःविषयीं पुल्लिंगी बोलतात. पुणेरी कान प्रथम ठेंचाळतो, मग त्याला तें गोड वाटूं लागतें.) “हाडांची तपासणी केलीय का कधीं?”

केली होती. पांच महिन्यांपूर्वीं. हाडें विरळ झालीं आहेत, असें सांगणारा तो कागद माझ्या कपाटांत शालूच्या घडीखालीं होता. ह्यांना मीं तो दाखविला नव्हता. पुण्याच्या शिक्षिकाबाईंनीं पहिल्या दिवशीं प्रकृतीची चौकशी केली होती. पण तेव्हां सांगण्यासारखें कांहीं नव्हतें, आणि पुढें होतें तेव्हां मीं सांगितलें नाहीं. वर्गांत सर्वांत चपळ म्हणून माझें कौतुक होई, तें गमवावेंसें वाटेना. त्याहून खरें कारण म्हणजे तो कागद वाचतांना मला आईची पाठ दिसली होती. या मुलीची आणि माझी मात्र ओळख दहा मिनिटांची. तिच्यापाशीं लपवावें असें माझें कांहींच नव्हतें. म्हणून तोंडांतून खरें निघून गेलें.

ती रागावली नाहीं. तिनें माझ्या यंत्राच्या दोन स्प्रिंगा काढल्या आणि विचारलें, “पाठ गोल करून उठायचे प्रकार करता?” मी तेच तर हौसेनें करीत होतें! ते माझ्यासारखीनें टाळावयाचे असतात. हाडें विरळ असतां पुढें वांकून भार आला, तर मणका समोरच्या बाजूनें चेपला जाऊं शकतो. असे चार-दोन मणके चेपले म्हणजे पाठीला जो बांक येतो तो पुन्हा जात नाहीं. हें ऐकतांना मी छताकडे पाहत होतें. आईच्या पाठीचा अर्थ मला परगांवीं, बाजेवर निजून कळत होता.

त्या दिवशीं तिनें पाठ सपाट ठेवून नुसत्या पायांनीं फळी लोटावयास लाविली, मग पालथें निजवून छाती बोटभर उचलावयास. श्वास कोंडला जाऊं नये म्हणून आंकडे मोठ्यानें म्हणावयाचे. “उद्यां कागदाचा फोटो मागवून घ्या. त्याशिवाय पुढचं शिकवत नाहीं मी,” असें तिनें जातांना बजाविलें.

फोटो मागवावयाचा म्हणजे घरीं मुलाकडून कपाट उघडवावयाचें. तेव्हां ह्यांना सांगणें आलेंच. संध्याकाळीं आम्ही दोघें गंगावेशींतल्या दूधकट्ट्यावर गेलों. गवळी तेथें म्हशी आणून उभ्या करतात आणि आपल्यासमोर धार काढून पेला हातांत देतात. न तापविलेलें दूध पिण्याची आम्हांला संवय नाहीं. पण उभ्या उभ्या मी तो पेला संपविला आणि मग सर्व सांगितलें, शालूसकट. हे बराच वेळ म्हशीकडे पाहत राहिले. नंतर कांहीं एक न बोलतां त्यांनीं माझ्या हातांतला रिकामा पेला घेतला आणि गवळ्यापुढें धरला.