घरातला पत्ता

आमच्या मोहल्ल्यात एकाच नावाचे दोघे राहत. पोस्टमन पत्र हातात धरून वडिलांचे नाव विचारायचा, मग पत्र योग्य दारात पडायचे. यंत्रांनाही पत्ते असतात. पण तिथे वडिलांचे नाव विचारणारा कोणी नसतो.

भाऊ कुवेतला नोकरीला. रात्री मोबाईलवर त्याचा चेहरा पाहिल्याशिवाय अम्मी जेवायला बसत नाही. माडीवर वाय-फाय पोचत नव्हते, म्हणून दुकानातल्या माणसाने दुसरा राउटर आणून तारेने पहिल्याला जोडून दिला. त्या दिवसापासून बोलता बोलता भावाचे चित्र गोठू लागले, आवाज तुटू लागला. अम्मीच्या मनाने वेगळेच घेतले. "तो आजारी आहे. तुम्ही सगळे माझ्यापासून लपवताय."

फोनवर वाय-फायच्या रेघा तर पूर्ण दिसत होत्या. पण त्या रेघा फोन ते राउटर एवढ्याच वाटेचे सांगतात, पुढच्या वाटेचे नाही. दोन्ही राउटर उलटे करून खालची चिठ्ठी वाचली. दोन्हींवर एकच पत्ता: १९२.१६८.१.१.

हा आकडा असंख्य घरांत असतो. जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटी; ते पुरणारे नव्हते. म्हणून काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले. १९९६ मध्ये तसा नियम लिहिला गेला. असा पत्ता उंबरठ्याबाहेर जात नाही. बाहेर राउटर आपला वेगळा पत्ता दाखवतो. त्यामुळे शेजाऱ्याचा आणि आपला आकडा एक असला तरी बिघडत नाही. एकाच घरात तो दोघांचा झाला, की निरोप कधी याच्याकडे जातो, कधी त्याच्याकडे. शिवाय आमचे दोन्ही राउटर फोनना पत्ते वाटत होते. एका घरात दोन कारभारी.

दुसऱ्या राउटरची तार काढली. लॅपटॉप फक्त त्यालाच जोडून ब्राउझरमध्ये तो आकडा टाइप केला, पासवर्ड दिला. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला. पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केले. सेव्ह केल्यावर जुन्या आकड्यावर पान उघडेना; उघडणार कसे, पत्ताच बदलला होता. पहिला राउटर १०० पासून पुढचे पत्ते वाटतो हे पाहून घेतले, म्हणजे २ हा आकडा तो दुसऱ्या कुणाला देणार नाही. मग तार पुन्हा जोडली, तीही दोन्हीकडे लॅनच्या खाचेत. फोनचे वाय-फाय बंद करून चालू केले. नवा आकडा चिठ्ठीवर लिहून राउटरला चिकटवला.

यात काही फार मोठी विद्या नाही. फोनचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला पत्ता देणारे कोणी भेटलेले नाही, एवढे ओळखता आले तरी पुष्कळ.

त्या रात्री भावाचे चित्र एकदाही थांबले नाही. अम्मीने मात्र त्याला उठायला लावले, खोलीभर चालून दाखवायला लावले, आणि मगच ताट वाढायला सांगितले.