नाण्याचं गाव

नेआपोलिस, म्हणजे आजचं नाबलस, या शहराने रोमन सम्राट अँटोनायनस पायसच्या काळात (१३८–१६१) तांब्या-काशाची नाणी पाडली. एका बाजूला सम्राटाचं मस्तक, दुसऱ्या बाजूला गेरिझीम डोंगर. पायथ्याशी खांबांची रांग, तिथून वर चढत गेलेल्या पायऱ्या आणि माथ्यावर देऊळ. एवढं सगळं दोन-तीन सेंटिमीटरच्या चकतीत. आमच्या रामटेकला अंबाळा तलावाच्या बाजूने गडमंदिराच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ज्या गावाची ओळखच त्याचा डोंगर असतो, त्या गावाने नाण्यावर दुसरं काय कोरावं?

रोमन साम्राज्यातल्या या गावोगावच्या नाण्यांना प्रांतिक नाणी म्हणतात. सोनं आणि बरीचशी चांदी रोमच्या मध्यवर्ती टांकसाळी पाडत. पूर्वेकडच्या ग्रीक बोलणाऱ्या शेकडो शहरांना मात्र रोजच्या व्यवहाराची नाणी स्वतः पाडायची मुभा होती. पुढच्या बाजूला बहुतेक वेळा सम्राट असे, मागची बाजू गावाची असे. इफेससने आपल्या आर्टेमिसचं देऊळ कोरलं. अँटिओकने नगरदेवता बसवली आणि तिच्या पायाशी पोहणारा पुरुष दाखवला. तो म्हणजे ओरोंटीस नदी. कॅपाडोशियातल्या सीझेरियाने बर्फाळ आर्गेअस पर्वत घेतला. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात साम्राज्याचं चलन कोसळलं, तशा या शहरांच्या टांकसाळी एकेक करून बंद पडल्या.

नव्याने छंदाला लागलेले लोक रोमच्या मुख्य नाण्यांकडे ओढले जातात आणि ते साहजिक आहे. ती रेखीव असतात, त्यांच्या याद्या तयार असतात. प्रांतिक नाणी झिजलेली, एका बाजूला सरकलेली, अक्षरं अर्धी कापली गेलेली अशी मिळतात. त्यांची एकत्रित, सुसूत्र सूची करण्याचं काम बर्नेट, आमांद्री आणि रिपोलेस यांनी हाती घेतलं आणि तिचा पहिला खंड १९९२ साली आला. त्याआधी संग्राहकाला दहा संग्रहालयांच्या जुन्या सूची चाळाव्या लागत. तरीही मला हीच नाणी प्रिय आहेत. सम्राट सगळीकडे तोच असतो, पण मागची बाजू पाहिली की कळतं, सत्तेपासून दूर राहणारी माणसं स्वतःला काय समजत होती.

यातलं सर्वांत चांगलं शिक्षण मला अलेक्झांड्रियाच्या चतुर्द्राख्मांनी दिलं. चांदीचा अंश कमी कमी होत गेलेली ही जाड नाणी. त्यांच्या मागच्या बाजूला रोमन एल अक्षरासारखी दिसणारी एक खूण असते. तिचा अर्थ ‘वर्ष’. तिच्या शेजारी ग्रीक अक्षरात आकडा असतो: अल्फा म्हणजे एक, बीटा म्हणजे दोन. हे वर्ष त्या सम्राटाच्या कारकिर्दीचं. मात्र ते मोजायचं इजिप्तच्या पंचांगाने, आणि तिथलं नवं वर्ष २९ ऑगस्टच्या सुमारास लागे. जुलैत गादीवर आलेल्या सम्राटाचं पहिलं वर्ष त्यामुळे काही आठवड्यांतच संपे आणि दुसरं सुरू होई. हा हिशेब एकदा बसला की नाणं नेमक्या बारा महिन्यांत आणून ठेवता येतं. नाणं हातात आल्यावर मी आधी चित्र पाहत नाही, आकडा शोधतो. टेबलावरचा दिवा नाण्याच्या कडेला जवळजवळ आडवा धरायचा आणि नाणं सावकाश फिरवत राहायचं. वरून पडणाऱ्या उजेडात सपाट वाटणारी जागा आडव्या उजेडात सावली टाकते, आणि त्या सावलीतून अक्षर उभं राहतं.

ही अलेक्झांड्रियाची नाणी विदर्भाच्या मातीत मिळण्याची अपेक्षा धरू नये. ती इजिप्तच्या आतच चालत. बाहेर व्यापाराला जाणाऱ्याला सोन्या-चांदीची रोमन नाणी न्यावी लागत, आणि भारताच्या किनाऱ्यावर उतरली ती हीच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचपासून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून दहा दिवसांवर तेर असा रस्ता सांगितला आहे. तेरला रोमन नाण्यांच्या भाजक्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत, गळ्यात घालता याव्यात अशा. सम्राटाचा चेहरा तेरच्या कुंभाराच्या हातून दागिना झाला. आपल्याकडे परदेशी नाण्याचं पुढे काय होतं, याचं उत्तर त्या मातीच्या पदकांत आहे.

‘पेरिप्लस’मध्ये आणखी एक गोष्ट आहे. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांची जुनी द्राख्म अजून चालत होती, असं तो लेखक नोंदवतो. पश्चिम भारतातल्या क्षत्रपांनी आपल्या चांदीच्या नाण्याचा साचा याच द्राख्मांवरून घेतला. नहपानाच्या नाण्यावर राजाच्या डोक्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत, आणि मागच्या बाजूला ब्राह्मी व खरोष्ठी. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला त्याच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा निघाला. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला आहे. काही नाण्यांवर त्या नव्या ठशाखालून नहपानाचं नाक आणि ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावतात. एका चकतीवर हरलेला आणि जिंकलेला असे दोघेही राजे दिसावेत, असं नाण्यांखेरीज फार थोड्या ठिकाणी घडतं.

पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरं कोरणाऱ्या कारागिराला ती वाचता येत नव्हती. त्याने फक्त आकार उतरवले. मग आकारांच्या रेघा झाल्या आणि रेघांची किनार झाली. मागच्या बाजूला मात्र ब्राह्मी स्वच्छ आहे. मध्ये तीन कमानींचा डोंगर, त्यावर चंद्रकोर, खाली नदीची नागमोडी रेघ आणि कडेने राजाचं नाव, बापाच्या नावासकट. दोन-सव्वादोन ग्रॅमच्या या नाण्यावर राजाच्या डोक्यामागे शकवर्षही असतं. ब्राह्मी आकड्यांत शून्य नाही. शंभराची, दहाची आणि एककाची खूण वेगवेगळी. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो. बऱ्याचदा आकड्याची जागा नाण्याबाहेर गेलेली असते. अशा वेळी मी बापाचं नाव शोधतो, कारण बाप-लेकाची जोडी सापडली की काळ आपोआप अरुंद होतो. माझ्या संग्रहातल्या एका क्षत्रप नाण्याशी माझं बरेच दिवस असं बोलणं चाललं होतं. शेवटी त्याने लेकाऐवजी बापाच्या नावाने ओळख दिली.

ही चांदी आमच्यापासून दूर नव्हती. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात सोनपूरला क्षत्रपांच्या सहाशेहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला आहे. आणि या धाग्याचं टोक थेट रामटेकच्या डोंगराला बांधलेलं आहे. क्षत्रपांचं राज्य संपवलं ते दुसऱ्या चंद्रगुप्ताने. त्यानंतर त्याने चांदीचं नाणं पाडलं ते त्यांच्याच मापाचं, त्यांच्याच घडणीचं. फक्त डोंगराच्या जागी गरुड आला. राजाच्या चेहऱ्याजवळच्या ग्रीक रेघांचे अवशेष मात्र तसेच राहिले. या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता, वाकाटकांची राणी. नवऱ्यामागे लहान मुलांच्या वतीने तिने नंदिवर्धनहून कारभार पाहिला. नंदिवर्धन म्हणजे आमचं नगरधन, रामटेकपासून दहा किलोमीटरच्या आत. तिचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, स्वामींच्या पायाशी बसून दिलेला आहे. नगरधनला डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने २०१५ ते २०१८ या काळात उत्खनन केलं. त्यात तिच्या नावाची, शंख असलेली मातीची मुद्रा मिळाली. वजन ६.४० ग्रॅम. हा आकडा वाचून मला आनंद झाला, कारण तो कुणीतरी जागच्या जागी मोजून लिहून ठेवला होता.

माझ्या छंदाचं सगळं सार त्या नोंदीत आहे. प्रभावतीची ती मुद्रा नगरधनच्या ठरावीक थरातून, इतर वस्तूंच्या संगतीत निघाली म्हणून तिला इतिहास आहे. तीच मुद्रा नागपूरच्या एखाद्या जुन्या बाजारात कागदाच्या पुडीत मिळाली असती, तर राणीचं नाव वाचता आलं असतं, पण ती इथे होती हे सांगता आलं नसतं.

वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याची गोष्ट आमच्या भागातल्या प्रत्येक नाणेसंग्राहकाने लक्षात ठेवावी. १९३९ साली तिथे सातवाहनांच्या पोटीनच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. पोटीन म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांचा काळपट मिश्रधातू. पुढे सोंड उंचावलेला हत्ती, मागे चार वर्तुळं जोडलेलं उज्जैन चिन्ह. एकटं नाणं पाहिलं तर अगदी सामान्य, आजही बाजारात फार महाग नाही. पण नागपूरच्या वा. वि. मिराशींनी दीड हजारांहून अधिक नाणी एकत्र तपासली. कुंभ, कर्ण, शक अशी पुराणांच्या यादीत न सापडणारी सातवाहन राजांची नावं त्यातून पुढे आली. एका नाण्यावर नावाचं पहिलं अक्षर होतं, दुसऱ्यावर शेवटचं. शेकडो नाणी शेजारी ठेवल्यावर नाव पुरं झालं. हा साठा गावोगावच्या पितळकाम करणाऱ्यांकडे वितळायला गेला असता, किंवा संग्राहकांनी दहा-दहा करून वाटून नेला असता, तर ते राजे आपल्याला कळलेच नसते.

म्हणून माझ्याकडच्या प्रत्येक नाण्याला चिठ्ठी आहे. वजन मिलिग्रॅमपर्यंत, व्यास, दोन्ही बाजूंच्या ठशांमधला कोन, कुणाकडून घेतलं, त्याने कुठून आणल्याचं सांगितलं, आणि त्या सांगण्यावर माझा किती विश्वास आहे. कोन कशासाठी? एकाच टांकसाळीत काम करणारे बहुधा ठसे एका ठरलेल्या दिशेने धरत. अलेक्झांड्रियाच्या नाण्यांत दोन्ही बाजूंची डोकी सहसा एकाच दिशेला असतात. वेगळा कोन दिसला की मी थांबतो. मग कड पाहतो. ओतून बनवलेल्या नकली नाण्याच्या कडेला सांधा असतो, पृष्ठभागावर बुडबुड्यांची बारीक छिद्रं असतात, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या मऊ असतात. दोन नाण्यांवर तीच चीर त्याच जागी दिसली, तर दोन्ही एकाच साच्यातली समजावीत.

आमच्या हवेत नाणी सांभाळणं हे वेगळंच काम आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा नाण्यांना काही होत नाही. कोरडेपणा त्यांना मानवतो. धोका जुलै-ऑगस्टचा. तांब्या-काशाच्या नाण्यात क्लोराइड उरलेलं असेल, तर पावसाळ्यातल्या दमट हवेत फिकट हिरवी पूड वर येते आणि ती नाण्याला आतून खात जाते. असं नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं काढायचं आणि अगदी कोरड्या डबीत ठेवायचं. सिलिका जेलच्या पुड्या बदलणं हे माझं पावसाळ्यातलं नित्याचं काम. शिशाची सातवाहन नाणी लाकडी पेटीत ठेवू नयेत. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाने शिसं पांढरं पडून त्याचा भुगा होतो. स्वस्त प्लास्टिकच्या कप्प्यांचे अल्बमही टाळावेत, त्यांतून सुटणारा चिकट थर नाण्यावर बसतो. साधे आम्लरहित कागदी लखोटे सगळ्यांत बरे. आणि नाणं घासायचं कधीच नाही. त्याच्यावरचा हिरवा-तपकिरी थर हीच त्याची कातडी आहे. चिंच आणि राखेने चकचकीत केलेलं नाणं पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण अक्षरांच्या उरल्यासुरल्या कडा त्या चकाकीबरोबर गेलेल्या असतात.

मला ओळखणारे लोक कधीकधी वावरात सापडलेलं नाणं घेऊन येतात. “हे सोन्याचं आहे का जी?” हा पहिला प्रश्न. मी ते विकत घेत नाही. ते कुठल्या धुऱ्याजवळ निघालं, किती खोल होतं, सोबत खापरं होती का, हे विचारतो, फोटो काढतो आणि तहसील कार्यालयाचा रस्ता सांगतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत लपलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो. शासनाने तो ठेवून घेतला, तर मोबदल्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. बरेच लोक सगळं जप्त होईल या भीतीने गप्प राहतात आणि नाणं सराफाकडे जातं. ही भीती घालवणं हे माझ्यासारख्याचं काम आहे. १८६३ साली सुरू झालेलं नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, अशाच पोहोचत्या केलेल्या वस्तूंवर उभं आहे.

मनसरची टेकडी, नगरधनचा किल्ला, पवनी, अडम. आमच्या भोवतीच्या जमिनीत अजून पुष्कळ आहे. ते नांगराच्या फाळाला लागेल, नाहीतर रस्त्याच्या खोदाईत निघेल. ज्याच्या हाती लागेल त्याला माझं एवढंच सांगणं आहे: धुऊ नका, घासू नका, दोन नाणी असतील तर वेगळी करू नका, जागा लिहून ठेवा आणि कळवा. ते नाणं माझ्या संग्रहात कधीच येणार नाही. पण त्याच्या नोंदीत गावाचं नाव असेल, आणि ते नाव वाचायला मिळालं तर मला संग्राहक म्हणून दुसरं काही नको आहे.