फूल नव्हे ते!

सागरलिली हे नाव ज्याने ठेवले त्याला फुलांची आवड असावी. देठ, देठावर पेल्यासारखा गाभा आणि त्यातून उमललेल्या पाकळ्या. थाट सगळा फुलाचा. प्रत्यक्षात मात्र ही तारामाशाच्या गोतातली. सुमारे ४८ कोटी वर्षे तिचे कुळ समुद्रात नांदते आहे. पाकळ्या म्हणजे तिचे हात. ते प्रवाहात पसरायचे, वाहत येणारे कण इवल्या नलिकापायांनी टिपायचे आणि हातांवरच्या पन्हळीतून तोंडाकडे धाडायचे, हा तिचा उदरनिर्वाह. तोंड वर, आणि (प्राध्यापकांची क्षमा मागून सांगते) मलद्वारही त्याच्या शेजारीच!

मेल्यावर देठाच्या चकत्या सुट्या होतात आणि कालांतराने त्यांचा दगड होतो. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटावर अशा भोकाच्या चकत्या सापडतात. संत कथबर्टने त्या घडवल्या, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा होती. 'कथबर्टचे मणी' हे नाव अजून टिकून आहे. आपला दख्खनचा काळा पाषाण थिजलेल्या लाव्ह्याचा. त्यात असला मणी शोधण्यात अर्थ नाही.

२५ कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारात हे कुळ जवळजवळ बुडाले. त्यातूनही जे तगले, त्यांतल्या देठवाल्या जाती आज खोल समुद्रात आहेत. देठ आहे म्हणजे ती एका जागी रुजलेली, असेच बहुतेक धरून चालत.

हे धरून चालणे आमच्या ओळखीचे. मुलीला कळी म्हणायचे, वेल म्हणायचे. मग वेलीला आधार हवा, हे ओघानेच आले. गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या दोघींची नावे हजेरीपटावरून गेली. दोघींचीही लग्ने ठरली होती. "परक्या अंगणातलं रोप, किती दिवस ठेवायचं?" असे एकीची आई मला म्हणाली. मी काय बोलणार? चहा घेतला आणि निघाले.

२००५ साली टॉमस बाउमिलर आणि चार्ल्स मेसिंग या संशोधकांनी बहामा बेटांजवळ चारशे मीटरहून अधिक खोलीवर टिपलेली एक चित्रफीत लोकांपुढे ठेवली. तीत सागरलिली चक्क चालते आहे! हात तळाला टेकवून ती अंग ओढते आणि देठ मागून फरफटत येतो. वेग सेकंदाला चार-पाच सेंटिमीटर. काटेरी समुद्री अर्चिन तिला खातात. पुढे एका अर्चिनच्या पोटात तिचे अवशेषही मिळाले. अर्चिन जवळ आला की पालीने शेपूट टाकावे तसे देठाचे टोक त्याच्यापुढे टाकून ती निघते. पुढे कुठेतरी देठावरच्या बारीक तंतूंनी तळ धरते, उभी राहते आणि हात पसरते.