शीर दिसली!

गेले काही दिवस मी भेटेल त्याला हेच सांगतोय, आता तुम्हालाही सांगतो. कातडीखालची शीर चक्क डोळ्यांनी दिसते! लेकराच्या हातावर ती जिथे आहे तिथेच, जशी वळते तशी, रेखून दिल्यासारखी!

विदर्भातल्या आमच्या पोहरादेवी गावात रामनवमीची यात्रा भरते ती ऐन उन्हात. संत सेवालाल महाराजांच्या समाधीला आणि जगदंबेला देशभरातून बंजारा कुटुंबं येतात, कडेवर तान्ही पोरं घेऊन. एखाद्याला उलट्या-जुलाब लागले की बघता बघता पोर मलूल होतं. मग सलाईन. अंगातलं पाणी गेलेलं असल्यामुळे शिरा बसतात, त्यात गुबगुबीत हातावर चरबीचा थर. सिस्टर हात चोळते, टिचक्या मारते, पाय बघते, शेवटी डोक्यावर शोधते. पोर किंचाळतं आणि आई तोंड फिरवून उभी राहते.

माझ्या बहिणीचं पोर असंच निपचित पडलं होतं. शहरातल्या एका बालरुग्णालयात सिस्टरनं हातात मावेल एवढं यंत्र काढलं आणि त्याच्या पालथ्या पंजावर लाल प्रकाशाचा चौकोन पडला. त्यात काळ्या रेघा! पळसाच्या पानाच्या पाठीवर असतात तशा, फाटे फुटलेल्या. तिनं एका रेघेवर बोट दाबून सरकवलं, तेवढी रेघ पुसली गेली. बोट उचललं आणि रक्त भरून ती पुन्हा उमटली. मी श्वास रोखून बघत होतो. पिवळ्या टोपीची 24 नंबरची सुई पहिल्याच टोचणीत शिरेत गेली!

मग मी डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. तो लाल चौकोन म्हणजे नुसतं चित्र. खरं काम करतो न दिसणारा प्रकाश, तांबड्याच्या पलीकडचा इन्फ्रारेड. विल्यम हर्शेल यांनी 1800 साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्याशेजारी, तांबड्याच्याही बाहेर थर्मामीटर ठेवला आणि तिथला पारा जास्त चढला, तेव्हा तो सापडला. साधारण 700 ते 1000 नॅनोमीटरच्या टप्प्यात कातडी आणि चरबी हा प्रकाश विखरून बराचसा परत पाठवतात, पण रक्तातलं हिमोग्लोबिन तो पिऊन टाकतं. म्हणून परत आलेल्या प्रकाशात शीर काळी दिसते. कॅमेरा ते टिपतो आणि प्रोजेक्टर त्याच जागेवर चित्र पाडतो, तेही लगोलग. अमेरिकेतल्या मेम्फिस इथे टेनेसी विद्यापीठाचे हर्बर्ट झीमन यांनी असं यंत्र घडवलं. आणि मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे सावळ्या कातडीतलं मेलॅनिन या प्रकाशाला फारसं अडवत नाही. आमच्या तांड्यावरच्या, उन्हात रापलेल्या लेकरांसाठी हे केवढं मोठं आहे! यात एक्स-रेसारखे किरणही नाहीत.

घरी करून बघा. टीव्हीच्या रिमोटचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या पडद्यावर दिवा चमकतो. याच जातीचा प्रकाश!

शीर किती खोल आहे ते मात्र रेघ सांगत नाही, आणि सेंटीमीटरभराखालची शीर सहसा दिसतच नाही. तिथे सिस्टरचं बोटच लागतं. सरसकट सगळ्या पोरांत पहिली टोचणी यशस्वी होण्याचं प्रमाण वाढतं, असं चाचण्यांत दरवेळी दिसलेलं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. फायदा आहे तो मुख्यतः शीर सापडायला अवघड अशा पोरांना. पण आपल्याकडे ती पोरं थोडी आहेत का? विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची लेकरं आहेत, त्यांना पुन्हा पुन्हा रक्त तपासायला आणि सलाईनला टोचतात. जुन्या टोचण्यांनी शिरा खराब झालेल्या असतात.

म्हणून मला यात्रेतल्या दवाखान्यात हे यंत्र हवं आहे. चार्ज करून ठेवलं की तंबूतही चालतं. पुढच्या रामनवमीआधी गावात वर्गणी काढून ते घेता येईल का, याची विचारपूस मी सुरू केली आहे.