एक पाकीट, सात माणसे

आमच्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाच्या विकास समितीवर २०१८ साली माझे नाव घातले गेले, त्यात माझे कर्तृत्व काही नव्हते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये प्रत्येक महाविद्यालयास अशी समिती नेमावी लागते आणि तीवर शिक्षण, उद्योग, संशोधन व समाजसेवा या क्षेत्रांतील स्थानिक माणसे घ्यावी लागतात. समाजसेवेच्या रकान्यात कोणाचे नाव लिहावे, असा प्रश्न पडला असता कोणास तरी चर्चचे फादर आठवले. पहिल्याच बैठकीत प्राचार्यांनी व्याख्याने आणि कलाकार्यक्रम यांचे काम माझ्याकडे सोपविले. "फादर, आपल्याला नियोजनाची सवय आहे," ते म्हणाले. सणाच्या दिवशी दोन हजार माणसांच्या जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्या धर्मगुरूस नियोजन येत असलेच पाहिजे, असा लोकांचा समज असतो. वस्तुतः ती व्यवस्था आमच्या धर्मग्रामातील भगिनी पाहतात आणि फादर केवळ आशीर्वाद देतात.

मला मात्र आनंद झाला. नव्वदच्या दशकात पुण्यास सेमिनरीत असताना रेक्टरांची विशेष परवानगी काढून आम्ही तिघे विद्यार्थी रमणबागेतील सवाई गंधर्व महोत्सवास गेलो होतो. त्या काळी महोत्सव रात्रभर चाले. भारतीय बैठकीवर, थंडीत घोंगडी गुंडाळून ऐकलेल्या त्या गाण्यातील राग आज मला सांगता येणार नाहीत. पण निवेदक गायकाच्या नावापाठोपाठ तबला, पेटी आणि मागे तंबोऱ्यावर बसलेल्या मुलांचीही नावे घेत होता, हे पक्के ध्यानात राहिले. ही आठवण पुढे मला चांगलीच बोचणार होती.

प्रथम पैशांकडे पाहिले. वर्षाची तरतूद ४० हजार रुपयांची. त्यातला मोठा वाटा विद्यार्थ्यांच्या शुल्कातील स्नेहसंमेलनाच्या रकमेतून येई. विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला आमच्याकडे होत असे. पुणे विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूंच्या नावाने चालणाऱ्या या मालेमुळे खेड्यापाड्यांतील महाविद्यालयांत विचारवंतांचे पाय लागले, हे उपकार मोठे आहेत. तिसरी बाजू होती एका ठेवीची. १९९६ साली एका शिक्षकाच्या कुटुंबाने त्यांच्या स्मरणार्थ एक लाख रुपये ठेविले होते आणि व्याजातून दरवर्षी तीन व्याख्याने व्हावीत, अशी इच्छा लिहून दिली होती. त्या काळी बँका बाराच्या आसपास टक्के देत. वर्षाला बारा हजार येत आणि तीन वक्त्यांची व्यवस्था सहज लागे. २०१८ मध्ये त्याच लाखाचे सात हजारही येईनात. पुढे २०२१ पर्यंत ते साडेपाच हजारांवर आले. ठेव जशीच्या तशी होती, तिच्यातील व्याख्याने मात्र हळूहळू विरघळली होती. तीनाची दोन झाली, दोनाचे एक. फलकावर 'व्याख्यानमाला' हा शब्द तेवढा राहिला. एका मण्याची माळ! दात्याच्या घरच्यांना हे कोणी कधी कळविले नव्हते. आपल्या अनेक धर्मग्रामांत स्मरणार्थ ठेवलेल्या ठेवींचे असेच झाले आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

त्या वर्षी आम्ही पाच कार्यक्रम योजिले. त्यातील दोघांचीच कथा येथे सांगावयाची आहे. एक, पुण्याचे एक व्यासंगी प्राध्यापक फादर स्टीफन्स यांच्यावर बोलणार होते; दुसरा, आमच्याच भागातील एका वयस्क शाहिरांचा पोवाड्यांचा कार्यक्रम. मानधन ठरविताना बैठकीत मतभेद झाला. एका सभासदाचे म्हणणे, वक्त्यास पाच हजार द्यावेत, शाहिरास तीन पुरेत, ते गावचेच आहेत. मला ते सहन झाले नाही. विद्वानास अधिक आणि लोककलावंतास कमी, हा भेद मी का म्हणून मान्य करावा? मी उभा राहिलो आणि संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला सांगितला. पहाटे आलेल्यास आणि सायंकाळी आलेल्यास मालकाने सारखाच दिनार दिला, तसे आपणही दोघांस सारखेच देऊ. सभा गप्प झाली. दोघांसही पाच पाच हजार मंजूर झाले. त्या रात्री मी मोठ्या समाधानाने झोपलो, हे कबूल केले पाहिजे.

व्याख्यान उत्तम झाले. १५७९ साली गोव्यास आलेला एक इंग्रज येशूसंघीय मराठीचा ध्यास घेतो, अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचतो आणि ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले जाते, ही कथा मुले तोंडात बोट घालून ऐकत होती. मुले म्हणजे प्रारंभी तेवीस. उरलेली शिपायाने ग्रंथालयातून गोळा करून आणली. दीडची एस.टी. गेली की पुढची साडेचारला, त्यामुळे दुपारचे व्याख्यान ऐकायला बाहेरगावची मुले थांबतच नाहीत, हे मला नंतर उमगले. पुढल्या वर्षांपासून आम्ही सगळे कार्यक्रम सकाळी साडेदहास घेऊ लागलो. ज्याला श्रोते हवेत त्याने वक्त्याच्या आधी एस.टी.चे वेळापत्रक पाहावे.

शाहिरांचा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये झाला. ढोलकी, पेटी, डफ, तुणतुणे, झांज आणि मागे झीलकरी असा सहा जणांचा ताफा घेऊन ते भाड्याच्या जीपमधून आले. वय सत्तरीच्या घरात, पण पहिल्या ललकारीलाच पटांगण शहारले. शेवटी प्राचार्यांनी शाल आणि श्रीफळ दिले, मी पाकीट दिले, छायाचित्र निघाले. साथीदारांची नावे कोणी घेतली नाहीत. मीही नाही.

त्यानंतर महिनाभराने गृहभेटींसाठी एका वस्तीवर गेलो. तेथला आमचा एक प्रापंचिक बंधू गवंड्याच्या हाताखाली काम करतो आणि सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत भजनी मंडळात आघाडीला असतो. त्या दिवशी झील धरणाऱ्यांत तोही होता, म्हणून मी घरात पाऊल टाकताच त्याच्या गळ्याची स्तुती केली. चहा ठेवता ठेवता त्याची बायको म्हणाली, "फादर, राग नका धरू. पण कालिजाच्या कार्यक्रमाला यांचा खाडा पडला बघा. पाचशे बुडाले अन् तीनशे हातात आले."

"गप गं. फादरांना काय सांगती?" तो म्हणाला.

मी हट्टाने सगळा हिशेब विचारून घेतला. जीपचे दोन हजार. ढोलकीवाला एका तमाशा फडातला, त्याला हजार. पेटीवाल्याला पाचशे. चौघे झीलकरी, प्रत्येकी तीनशे, म्हणजे बाराशे. वाटेतला चहा आणि खाणे तीनशे. बेरीज मी मनातल्या मनात दोनदा केली. पाच हजार पुरे झाले होते. शाहिरांच्या वाट्याला शाल आली होती आणि नारळ आला होता.

परत येऊन महाविद्यालयाची फाईल काढली. प्राध्यापकांच्या गाडीचे चार हजार रुपये वेगळ्या बिलाने दिलेले होते. शाहिरांच्या पत्रात मात्र 'मानधन रु. ५,००० (प्रवासखर्चासह)' असे होते. कलाकार्यक्रमाच्या पत्राचा हा मायना वर्षानुवर्षे चालत आला होता. त्याखाली सही प्राचार्यांची असली तरी तो तपासून 'ठीक आहे' असे पेन्सिलीने लिहिणारा हात माझा होता.

त्या आठवड्यात तो दाखला मी पुन्हा वाचला. सेमिनरीत त्याच्यावर निबंध लिहिला होता, मिस्सेत अनेकदा प्रवचन केले होते. मळ्याच्या मालकाने दिनार दर डोई दिला होता. आम्ही दर कार्यक्रमास दिला. एक दिनार म्हणजे एका कामकऱ्याची दिवसाची भाकर. आम्ही सात माणसांच्या हाती एक भाकर ठेवली आणि समतेचा जयघोष केला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या लाल बावटा कलापथकाच्या नावातच 'पथक' आहे. शाहिरी ही एकट्याची कला कधीच नव्हती. हे मला ठाऊक होते, तरी कागदावर एकच नाव लिहिताना ते आठवले नाही.

पाकिटात स्वतःचे तीन हजार रुपये घालून मी शाहिरांच्या घरी गेलो. ते ओट्यावर डफाचे कातडे शेकत बसले होते. मी क्षमा मागितली. ते हसले.

"फादर, लग्नाची सुपारी असती तर आधी इसार घेतला असता. हे कालेजचं पत्र आलं. मी चौथीपातुर शिकलेला माणूस. कालेजच्या पत्राला इसार मागायचा कसा?"

मी पाकीट पुढे केले.

"हे तुमचं का कालेजचं?"

"माझं."

"मग नको. तुमचं आमच्यावर काय देणं न्हाई."

दान देणे मला ठाऊक होते, फेड करणे नव्हते. आणि तो माणूस दोहोंतला भेद माझ्याहून चांगला जाणत होता. पाकीट खिशात घालून परतलो.

महाविद्यालयाकडून भरपाई होईना. मंजूर रक्कम दिली, पावतीवर महसूल टपालाचे तिकीट लागले, सही झाली. आता पुन्हा त्याच कार्यक्रमाचे पैसे कोणत्या शीर्षाखाली द्यावयाचे, हा लेखापालांचा प्रश्न खोटा नव्हता. म्हणून पुढील वर्षाच्या बैठकीत मी पाचाऐवजी तीनच कार्यक्रम घ्यावेत, असे सुचविले. एक अनुभवी सभासद म्हणाले, "फादर, मूल्यांकनाच्या अहवालात कार्यक्रमांची संख्या विचारतात. साथीदारांची संख्या विचारीत नाहीत." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. चर्चेअंती चार कार्यक्रम ठरले.

त्यातला एक माझ्या मनाविरुद्ध होता. गावातील एका ठेकेदाराने ५० हजार रुपये देऊ केले, परंतु चित्रपटगीतांचा ऑर्केस्ट्रा आणावा आणि पडद्यावर त्यांचे छायाचित्र असावे, अशी अट घातली. मी विरोध केला, मतदान झाले आणि माझ्या बाजूने माझ्याखेरीज एकच हात वर गेला. ऑर्केस्ट्रा झाला. खरे सांगायचे तर मुले आनंदाने बेभान झाली होती आणि मीही मागच्या खुर्चीवर बसून जुन्या दोन गाण्यांवर पाय हलविला. पण मला शिकवण मिळाली ती त्यांच्या पत्राने. ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापकाने स्वच्छ लिहून पाठविले होते: निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली पडदा उघडण्यापूर्वी, वादक, गायक आणि हमाल मिळून चौदा जणांचे जेवण, चहा दोन वेळा, प्रवास वेगळा. कोणाही सभासदाने त्यावर चकार शब्द काढला नाही. ज्यांना मागता येते त्यांना सगळे मिळते.

तो कागद मी समोर ठेवला आणि शाहिरांच्या पत्राचा नवा मायना त्यावरून लिहिला. कलावंताचे मानधन, साथीदारांची नावे आणि प्रत्येकाची रक्कम, प्रवास, जेवण, इसार. एकूण १३ हजार. ध्वनिक्षेपक आणि मंडप यांवर आम्ही त्याहून अधिक खर्चीत होतो, हे त्या वेळी प्रथमच एका कागदावर आले आणि मंडप रद्द झाला. जानेवारीच्या कोवळ्या उन्हात, कडुनिंबाखाली कार्यक्रम झाला. सात नावे मी स्वतः ध्वनिक्षेपकावरून वाचली. ढोलकीवाल्याचे नाव चुकीचे उच्चारले, ते त्याने तेथल्या तेथे दुरुस्त केले.

ते वर्ष २०२० होते. मार्चमध्ये सर्व बंद झाले. फड बसले, यात्रा थांबल्या, सुपाऱ्या आटल्या. दोन वर्षांनी महाविद्यालयाचे पटांगण पुन्हा भरले तेव्हा शाहिरांचा आवाज बसला होता. आता ते ओट्यावरच असतात. त्यांचा ताफा आमचा तो झीलकरी बंधू चालवितो. डफ त्यांनी त्यालाच दिला आहे.

व्याख्यानमालेच्या ठेवीविषयी दात्याच्या मुलीला मी पत्र लिहिले. तिने उत्तर पाठविले, की वडिलांना संख्येची हौस नव्हती. वर्षाआड एकच व्याख्यान घ्या, पण वक्त्यास नीट पाहा. आता तसे करतो.

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या गडबडीत, जानेवारीच्या कार्यक्रमाचे पत्र घेऊन मी स्वतःच वस्तीवर गेलो. बंधू कामावर गेला होता. त्याची बायको अंगण सारवीत होती. तिने हात धुतले, पत्र उलटसुलट पाहिले आणि दारातच विचारले, "चहा टाकते, पण आधी सांगा, इसार आणलाय का, फादर?"

मी झोळीत हात घातला.