श्रेय देताना

औदार्य म्हटलं की आपल्याला आधी पैसेच आठवतात. देणगी, ट्रस्ट, कोनशिलेवरचं नाव वगैरे. मला मात्र याहून अवघड वाटतं ते विरोधकाला जागा देणं, आणि त्याहूनही अवघड म्हणजे स्वतःला मिळत असलेलं श्रेय दुसऱ्याला देणं. गेले काही शनिवार-रविवार घटना समितीतल्या चर्चा वाचतोय, आणि तिथे या दोन्हीचे नमुने सापडले.

डॉ. आंबेडकर घटना समितीत आधी बंगालमधून निवडून आले होते. फाळणी ठरली आणि ती जागा गेली. काँग्रेसवर त्यांनी किती कडक टीका केली होती हे वेगळं सांगायला नकोच. १९४५ साली त्यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे काँग्रेसला 'बरं झालं, परस्पर सुटलो' म्हणून गप्प बसता आलं असतं. पण ३० जून १९४७ ला राजेंद्रप्रसादांनी मुंबईला बाळासाहेब खेरांना पत्र लिहिलं. मजकूर असा की, या माणसाचं काम आम्ही पाहिलंय, त्याला मुकणं परवडणार नाही, बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर त्यांना निवडून पाठवा. जुलैत ते निवडून आले आणि ऑगस्टमध्ये मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

पुढची गंमत आपल्या आयटीवाल्यांना जास्त कळेल. मसुद्यावर एकूण ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एवढ्या रिव्ह्यू कॉमेंट्स! आणि टीम? सात जणांची. टी. टी. कृष्णम्माचारींनी ५ नोव्हेंबर १९४८ ला सभागृहात तिचा हिशोबच मांडला : एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक संस्थानाच्या कामात, एक-दोघं दिल्लीपासून लांब. शेवटी सगळा भार आंबेडकरांवर पडला. हे सांगणारा माणूस स्वतः काँग्रेसचा, बरं का.

आता २५ नोव्हेंबर १९४९. आंबेडकरांचं समारोपाचं भाषण. सगळे कौतुक करतायत, आणि हा माणूस उभा राहून म्हणतो की हे श्रेय खरं तर माझं एकट्याचं नाही. पहिला कच्चा मसुदा बी. एन. राव यांचा. किचकट गोष्ट सोप्या कायदेशीर भाषेत बसवणारे एस. एन. मुखर्जी. मुखर्जींच्या हाताखाली कधीकधी मध्यरात्रीनंतरही राबणारे कर्मचारी. सभागृहात काम सुरळीत चाललं त्याचं श्रेय काँग्रेस पक्षाच्या शिस्तीला. आणि कहर म्हणजे ज्यांनी मसुद्यावर सतत हरकती घेतल्या त्या कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, कुंझरू वगैरे मंडळींचीही नावं घेतली. ते नसते तर सभागृहात नुसते होयबा उरले असते, असा त्यांचा सूर.

हे वाचून मी थांबलोच. मागे एका रिलीजनंतर आम्हाला आभाराची लांबलचक मेल आली होती. चार मॅनेजर, दोन डायरेक्टर. रात्री दोनपर्यंत टेस्टिंग करणाऱ्या दोन मुलींचा उल्लेखच नव्हता. एक ओळ वाढली असती फक्त. पण ती ओळ लिहायची तर आपण एकट्याने काही केलं नाही हे कबूल करावं लागतं, आणि तेच जड जातं.

तो काळ सोन्याचा होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. हिंदू कोड बिल रखडलं, १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं, आणि १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसच्याच उमेदवाराने त्यांना हरवलं. भांडणं खरी होती, मतभेद मिटले नव्हते. म्हणूनच मला ते भाषण महत्त्वाचं वाटतं. मित्राचं कौतुक कुणीही करेल हो. ज्याच्याशी उद्या पुन्हा भांडायचंय त्याच्या कामाची नोंद आज भर सभागृहात करायची, याला छाती लागते.

असो. पुढची रिलीज मेल लिहायची वेळ तुमच्यावर आली, तर मध्यरात्री जागणाऱ्यांची नावं घाला. आणि सगळ्यात जास्त बग काढून डोकं उठवणाऱ्याचं तर आवर्जून!