पाठीवरचे अंथरूण

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. डोंगरात भटकणाऱ्याचेही तसेच असते. शिधा, पाणी, कपडे आणि अंथरूण एवढा संसार पाठीवर घेऊन त्याला चढावे लागते. त्या संसारातील कोणती वस्तू गरजेची आणि कोणती हौसेची, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. चढ लागला की त्याचे खांदेच ते शिकवतात.

गेल्या दिवाळीत माझी सातवीतली नात मला म्हणाली, "आजोबा, मला स्लीपिंग बॅग घ्यायची आहे. थंडीत गडावर चालेल, पावसाळ्यात चालेल आणि मे महिन्यात हिमालयातही चालेल, अशी. पण एकच हं! आई दुसरी घेऊन देणार नाही."

मराठीचा शिक्षक या नात्याने मी त्या वस्तूला 'निद्रापिशवी' म्हणून पाहिले. नात हसू लागली, तेव्हा मी तो नाद सोडला. आपण तिला नुसती पिशवी म्हणू. नातीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. निरनिराळ्या ऋतूंना एकच पिशवी कशी पुरावी? उत्तर देण्यापूर्वी मी तिला एका रात्रीची हकीकत सांगितली. ती माझ्या चुकीची हकीकत आहे.

२००८ सालचा डिसेंबर महिना होता. मी तालुक्याच्या गावी एका शाळेत मुख्याध्यापक होतो. हरिश्चंद्रगडावर मुलांची सहल न्यायचे ठरले. बरोबर आणायच्या वस्तूंची यादी मी स्वतः फळ्यावर लिहिली. चौथ्या क्रमांकावर लिहिले, 'स्लीपिंग बॅग आवश्यक', आणि 'आवश्यक' या शब्दाखाली ठळक रेघ ओढली. परदेशी असलेल्या पुतण्याने मला नुकतीच पिसांची एक पिशवी भेट दिली होती. त्या रेघेत तिचा थोडा अभिमानही मिसळला असावा.

मुलांनी भराभर नावे दिली. पण वर्गातल्या सर्वांत चपळ मुलाचे नाव काही येईना. मी त्याला बोलावून विचारले. तो खाली पाहत म्हणाला, "सर, आमच्याकडं पिशवी न्हाई. आजोबांची घोंगडी हाय." त्याचे आजोबा मेंढरांमागे रानोमाळ फिरणारे धनगर होते. "बरं, आण तीच," मी म्हणालो. पण मेहेरबानी केल्यासारखे म्हणालो, हे मला अजून आठवते.

पाचनई गावातून आम्ही दुपारी चढू लागलो आणि सूर्यास्तापूर्वी हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोहोचलो. गड सुमारे चौदाशे मीटर उंच आहे. हजार मीटर वर चढले की हवा साधारणपणे सहा अंशांनी थंड होते, हे मुले भूगोलात शिकली होती; त्या संध्याकाळी ते त्यांच्या दातांनी वाजवून दाखवले. गरम पिठले-भाकरी खाऊन आम्ही मंदिराजवळच्या गुहेत निजायला गेलो. मी ऐटीत सॅक उघडली आणि माझा हात थिजला. पाण्याच्या बाटलीचे झाकण सैल राहिले होते. पिसांची पिशवी ओलीचिंब झाली होती.

मुलांनो, पिशवी आपल्याला ऊब देत नाही. ऊब आपल्या अंगाची असते; पिशवी ती फक्त राखते. पिसांमध्ये हवा कोंडून राहते आणि त्या स्थिर हवेतून अंगाची उष्णता सहजासहजी बाहेर पडत नाही. पिसे भिजली की एकमेकांना चिकटतात, त्यांच्यामधली हवा निघून जाते आणि ओल्या गोळ्याखेरीज काही उरत नाही. माझ्या अभिमानाचेही त्या वेळी तसेच झाले.

ज्यांच्या पिशव्या कोरड्या होत्या, त्यांचेही फारसे बरे चालले नव्हते. एकेक जण उठून बसू लागला. "सर, पाठ गार पडते!" देहाच्या भाराने पिशवीची खालची बाजू दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि थंडगार दगड अंगातली ऊब शोषून घेतो. पांघरुणाचा विचार आम्ही केला होता. अंथरुणाचा विसर पडला होता.

तेवढ्यात त्या मुलाने आपली घोंगडी उलगडली. काळ्या लोकरीची, हातमागावर विणलेली, चिंचोक्यांच्या खळीने कडक झालेली ती घोंगडी अंगाला टोचत होती आणि तिला मेंढरांचा वास येत होता. आईने दिलेली एक गोधडीही त्याच्याजवळ होती. "सर, घोंगडी खाली घालू, गोधडी वर घेऊ. दोघं मावतो," तो म्हणाला. इतरांना त्याने रिकाम्या सॅक पाठीखाली घालायला आणि जोडीजोडीने निजायला सांगितले. थोड्याच वेळात गुहा शांत झाली.

ग्रीनलंडच्या बर्फावरून १८८८ साली पार गेलेला फ्रिट्यॉफ नान्सेन आणि त्याचे पाच सोबती रेनडिअरच्या कातड्याच्या पिशव्यांत, एकेका पिशवीत तिघे, असे निजत. हे मी पुढे वाचले, तेव्हा मला ती गुहा आठवली.

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. थंडी वाजत होती म्हणून नव्हे. शेजारी निर्धास्त झोपलेला हा मुलगा माझ्या फळ्यावरच्या एका रेघेमुळे घरीच राहणार होता, हा विचार मला झोपू देत नव्हता.

"मग मी घोंगडीच नेऊ का?" नातीने विचारले. मी म्हटले, "नको. घोंगडी जड असते. ती पाठीवर घेऊन आठवडाभर चढणे तुझ्या खांद्यांना झेपायचे नाही. पण घोंगडीने शिकवलेले विसरू नकोस."

आम्ही दोघे दुकानात गेलो. पिसांची पिशवी हलकी, घडी केली की लहान होणारी. परंतु आपल्या पावसाळी सह्याद्रीत तिला ओलीचे भय. कृत्रिम धाग्यांची पिशवी थोडी जड, पण भिजली तरी काही ऊब राखणारी आणि लवकर वाळणारी. आम्ही ती निवडली. तिच्यावर तापमानाचे आकडे छापलेले होते. सर्वांत खालचा आकडा पाहून नात हरखली. मी तिला सांगितले, "तो आकडा जीव कसाबसा तगण्याचा आहे, सुखाने झोपण्याचा आकडा वेगळा असतो, तो पाहा." तो पाच अंश होता. गडावरच्या थंडीला तेवढे पुरे. चेन पायांपर्यंत उघडणारी असल्यामुळे उकाड्यात तीच पिशवी चादरीसारखी पांघरता येणार होती. हिमालयातल्या अधिक थंड रात्रींसाठी आत घालायचे पातळ अस्तर, कोरडे लोकरी मोजे आणि कानटोपी घेतली. पाठीखाली घालायला फोमची चटई घेतली आणि सर्व काही गुंडाळायला प्लॅस्टिकची मोठी पिशवी. निरनिराळ्या ऋतूंना एक पिशवी पुरत नाही. एका पिशवीला ऋतूप्रमाणे जोड द्यावी लागते, हे तिला पटले.

घरी परतताना तिने विचारले, "आजोबा, त्या यादीचं पुढे काय झालं?"

पुढच्या वर्षी सहल निघाली, तेव्हा मी यादी पुन्हा फळ्यावर लिहिली. चौथ्या क्रमांकावर लिहिले, 'अंथरूण-पांघरूण. घरी असेल ते. कोरडे ठेवावे.' रेघ मी या वेळीही ओढली. पण ती 'कोरडे' या शब्दाखाली.